जत्रेतले खेळ: पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी

जत्रेत खेळांच्या रांगेत शिरलं की पहिल्याच स्टॉलवरून हाक येते, हातात चेंडू ठेवला जातो आणि नेमकं काय करायचंय ते कळायच्या आत तिन्ही चेंडू संपलेले असतात. पहिल्यांदा जाणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं. पैसे आधी जातात, खेळ मागाहून समजतो. मला हे खेळ मनापासून आवडतात, म्हणून नवा माणूस पंधरा मिनिटांत खिसा रिकामा करून हिरमुसलेला बाहेर पडताना दिसला की वाईट वाटतं. क्रम फक्त उलटा करायचा असतो. आधी बघायचं, मग विचारायचं, आणि पैसे सगळ्यात शेवटी काढायचे.

पहिली फेरी नुसती बघण्याची

आत गेल्यावर एक पूर्ण चक्कर न खेळता मारा. कुणी हाक मारली तर हसून "आधी बघतो" म्हणा आणि पुढे चला. या फेरीत डोळे दोन-तीन गोष्टींवर ठेवायचे.

पहिली म्हणजे मोजणी. आवडलेल्या स्टॉलसमोर बाजूला उभं राहा आणि किती जण खेळले, किती जिंकले ते मनात मोजा. वीस-तीस डाव बघितले की अंदाज येतो. समजा दहा डावांत एक जण जिंकतोय. आपणही दहा डाव खेळलो तर एकदा तरी जिंकूच, असं मन सांगतं. हिशोब वेगळा आहे. प्रत्येक डावात हरण्याची शक्यता ९० टक्के असेल, तर सलग दहा डाव हरण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के निघते. म्हणजे असे दहा डाव खेळणाऱ्या तिघांपैकी साधारण एक जण रिकाम्या हाताने परत जाणार. हे ठाऊक असलं की सातव्या-आठव्या डावाला "आता लागायलाच हवं" असं वाटत नाही, आणि खिशातला हात खिशातच राहतो.

दुसरी गोष्ट, स्टॉलवाला स्वतः कसा खेळून दाखवतो. तो आपल्या रेषेवरून टाकतो की आतल्या बाजूने, जवळून? त्याच्या हातातला चेंडू समोरच्या ढिगातलाच आहे का? आणि तिसरी, सगळ्यात सोपी: मोठी बक्षिसं हातात घेऊन फिरणारी माणसं दिसली तर ती कुठे जिंकली ते सरळ विचारा. जिंकलेला माणूस आनंदाने सांगतो, शिवाय कसं जिंकलं तेही सांगतो.

याच फेरीत मनात खेळांची वाटणी करून टाका. काही खेळ हाताचे असतात, नेमाचे किंवा तोल सांभाळण्याचे. ते सरावाने सुधारतात. काही निव्वळ नशिबाचे, जसं फिरतं चक्र. त्यात सराव कामाचा नाही. काही शर्यतीचे, जिथे समोर बसलेल्यांपैकी एक जण जिंकतोच. नव्या माणसाने सुरुवात शर्यतीच्या किंवा सोप्या नेमाच्या खेळाने करावी असं माझं ठाम मत आहे, कारण पहिला विजय लवकर मिळाला की उरलेली संध्याकाळ मोकळेपणाने जाते.

पैसे आणि चार प्रश्न

घरून निघतानाच खेळांसाठीची रक्कम ठरवा आणि ती वेगळ्या खिशात ठेवा. खाणं, पाळणे, परतीचा प्रवास यांचे पैसे त्यात मिसळू देऊ नका. तो खिसा रिकामा झाला की खेळ संपला. ही रक्कम बक्षिसासाठी दिलेली नाही, खेळण्यासाठी दिलेली आहे. दुकानात ते टेडी अस्वल किती कमी पैशांत मिळालं असतं हा हिशोब मग छळत नाही. तो हिशोब खरा आहे, पण आपण अस्वल विकत घ्यायला आलेलो नसतो.

पैसे देण्याआधी चार गोष्टी विचारा. एका डावात किती चेंडू किंवा रिंगा मिळतात? जिंकलं म्हणजे नेमकं काय झालं पाहिजे? एका विजयावर यातलं कोणतं बक्षीस मिळतं? आणि लहान बक्षिसं परत देऊन मोठं घेता येतं का? दुसरा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण सगळे वाद तिथेच होतात. बाटल्या आडव्या झाल्या की पुरे, की फळीवरून खाली पडल्या पाहिजेत? रिंग बाटलीवर टेकली तर चालते, की गळ्यातून पूर्ण खाली उतरली पाहिजे? तिसऱ्याचंही तसंच. वर टांगलेलं मोठं बक्षीस सहसा चार-पाच वेळा जिंकून, लहानाचं मोठं करत मिळवायचं असतं. ते आधी कळलं तर मुलं नंतर रडत नाहीत.

बाटल्या पाडणं

तीन बाटल्यांची उतरंड, खाली दोन आणि वर एक. हातात मऊसर चेंडू. नवा माणूस हमखास वरच्या बाटलीवर नेम धरतो, कारण नजर तिच्यावर जाते. वरची उडते आणि खालच्या दोघी जागेवरच राहतात. नेम खाली हवा, दोन बाटल्या जिथे एकमेकींना टेकतात तिथे. चेंडू त्या सांध्यावर बसला की दोन्ही बाजूला फेकल्या जातात आणि वरचीचा आधार गेल्याने ती आपोआप कोसळते.

यात दोन अडचणी असतात. बाटल्या दिसायला सारख्या असल्या तरी वजनाने सारख्या असतीलच असं नाही. काहींच्या बुडाशी जड धातू भरलेला असतो. जड बाटली वर असेल तर उतरंड सहज पडते, खाली असेल तर चेंडू तिला हलवू शकत नाही, कारण चेंडू हलका असतो. दुसरी अडचण मांडणीची. खालच्या दोघींपैकी एक किंचित पुढे ठेवली तर चेंडू आधी तिला लागतो, तिथेच त्याचा जोर संपतो आणि मागची उभी राहते. समोरून हा फरक दिसत नाही. म्हणून एक पाऊल बाजूला होऊन तिरकं बघा, दोघींची बुडं एका ओळीत आहेत का. नसतील तर शांतपणे सांगा, "जरा सरळ लावता का?" चांगला स्टॉलवाला लगेच लावतो. जो लावत नाही त्याच्याकडे खेळू नका.

जोरापेक्षा नेम आधी. पूर्ण ताकदीने भिरकावलेला चेंडू वीतभर चुकतो. तीन-चतुर्थांश जोरात, खांद्यातून, नजर सांध्यावर ठेवून टाका. एखाद-दोन डाव झाले की जोर वाढवता येतो.

तिरकी टोपली

या खेळावर जरा थांबते, कारण मी स्वतः त्यात फसले आहे आणि त्यातूनच शिकलेही आहे. टोपली आपल्याकडे तोंड करून तिरकी लावलेली असते. चेंडू आत टाकायचा आणि तो आत राहिला पाहिजे. एवढंच. मला सरावाला एक चेंडू दिला, तो आत गेला आणि राहिला. मी खुशीत पैसे दिले आणि पुढचे सगळे चेंडू उसळून बाहेर आले. सरावाच्या वेळी टोपलीत आधीचा एक चेंडू पडलेला होता, हे बऱ्याच वेळाने लक्षात आलं. तो चेंडू गादीसारखं काम करतो. नवा चेंडू त्याच्यावर आपटला की आपला जोर त्याला देऊन टाकतो आणि स्वतः थांबतो. पैसे घेताना टोपली रिकामी केली की तीच टोपली वेगळी वागते. त्यामुळे सराव रिकाम्या टोपलीवर मागा, किंवा खेळताना पहिला चेंडू आत राहिला तर तो तिथेच राहू द्यायची परवानगी आहे का ते विचारा.

टोपलीचं बूड ताणलेलं आणि लवचीक असतं. सरळ बुडावर गेलेला चेंडू परत येणारच. म्हणून बूड टाळायचं. रेषा न ओलांडता जमेल तेवढं पुढे वाका, हात लांब करा, चेंडू खालून वर हळू उंच सोडा, असा की तो वरून येऊन कडेच्या आतल्या भिंतीला आधी टेकेल. तिथे त्याचा वेग मरतो आणि मग तो घसरत बुडाशी येतो. सोडताना बोटांनी किंचित उलटी फिरकी दिली तर तो आणखी मंदावतो. घरी बादली तिरकी टेकवून मोजे गुंडाळलेल्या चेंडूने सराव करा. उसळी तिथे कळणार नाही, पण उंची आणि हलका हात नक्की बसतो.

फुगे आणि बंदूक

बाणाने फुगे फोडण्याच्या स्टॉलवर फुगे अर्धवट फुगवलेले असतात. ताणलेलं रबर पातळ असतं, टोक लागताच चीर पसरते. सैल फुगा नुसता दबतो आणि बोथट बाण परत पाठवतो. म्हणून फळ्यावरचे सगळ्यात तट्ट, चकचकीत फुगे हेरा. त्यातही मागे फळ्याला चिकटून बसलेला फुगा घ्या. लोंबणारा फुगा बाणासोबत मागे सरकतो. बाण वर कमान करून टाकला तर टोक तिरकं लागतं, तेव्हा सरळ रेषेत आणि जोरात टाका. बाण हातात घेतल्यावर टोक बघून घ्या, बोथट असेल तर बदलून मागा. काही ठिकाणी फुग्यामागच्या चिठ्ठीवर बक्षीस लिहिलेलं असतं. तिथे फुगा फोडणं तुमच्या हातात, बक्षीस नशिबाच्या. पैसे देण्याआधी हे विचारून घ्या.

छर्ऱ्याच्या किंवा बुचाच्या बंदुकीची माशी, म्हणजे नळीवरची नेम धरायची खूण, बरोबर असेल असं गृहीत धरू नका. पहिली गोळी माहिती काढण्यासाठी खर्च करा. नेम नेमका मध्यावर धरा आणि गोळी कुठे लागते ते बघा. ती चार बोटं डावीकडे आणि दोन बोटं खाली गेली, तर पुढचा नेम चार बोटं उजवीकडे आणि दोन बोटं वर धरायचा. बंदूक बदलू नका, नाहीतर हे सगळं पुन्हा शिकावं लागेल. कोपर टेबलावर टेकू देत असतील तर टेका. श्वास अर्धा सोडून थांबा आणि चाप झटका न देता दाबत न्या.

कागदावरचा लाल तारा पूर्ण उडवायचा, असाही एक खेळ असतो. हातात भराभर छर्रे सोडणारी बंदूक असते आणि बहुधा १०० छर्रे मिळतात. लालचा कणही उरता कामा नये. बहुतेक जण ताऱ्याच्या मध्यावर छर्रे ओततात, मध्य उडतो आणि टोकांचे लाल तुकडे लटकत राहतात. ताऱ्याला हातच लावू नका. त्याच्या भोवती, टोकांच्या जरा बाहेरून, थोडे थोडे छर्रे सोडत गोल कापत जा. वर्तुळ पूर्ण झालं की तारा अख्खा गळून पडतो. छर्रे जपून वापरणं हाच यातला खरा कस.

रिंग

बाटल्यांच्या गळ्यात रिंग टाकण्याचा खेळ दिसतो त्याहून फार अवघड आहे. रिंग कडक, काच गुळगुळीत, त्यामुळे रिंग टणटण उडत जाते. भोकही गळ्यापेक्षा जेमतेम मोठं असतं. समजा भोक गळ्याच्या जाडीपेक्षा एक दशांशाने मोठं आहे. रिंग पूर्ण आडवी असेल तर ते पुरतं. पण ती साधारण २५ अंशांपेक्षा जास्त कलली की वरून बघताना भोकाची रुंदी गळ्याएवढी उरते आणि ती आत जाऊच शकत नाही. म्हणून रिंग उभी फेकून किंवा मूठभर एकदम उधळून भागत नाही. आडवी धरा, मनगटाने गरकन फिरवून सोडा. फिरती रिंग भोवऱ्यासारखी आपला कल टिकवते. मधल्या भागावर टाका, तिथे एका बाटलीवरून उडालेली रिंग शेजारच्या बाटलीवर बसायची संधी असते. एवढं करूनही बहुतेक रिंगा फुकट जातात. हा खेळ मजेखातर एकदा खेळावा, बक्षिसाच्या मागे लागून नाही.

नाणं चौकटीत

पाटावर चौकटी आखलेल्या असतात. नाणं फेकायचं आणि ते कोणत्याही रेषेला न शिवता चौकटीत पडलं पाहिजे. या खेळाचं गणित फार जुनं आहे. फ्रान्सच्या ब्यूफाँ या शास्त्रज्ञाने १७३३ साली तिथल्या विज्ञान अकादमीपुढे अशाच एका खेळाचा हिशोब मांडला होता. फरशीवर नाणं टाकलं तर ते एकाच फरशीत बसण्याची शक्यता किती, हा त्याचा प्रश्न.

उत्तर हातात ठेवण्यासारखं आहे. नाण्याचा मध्य रेषेपासून किमान नाण्याच्या त्रिज्येएवढा दूर पडला पाहिजे. चौकट ५० मिलिमीटरची आणि नाणं २५ मिलिमीटरचं असेल, तर मध्यासाठी सुरक्षित जागा उरते २५ बाय २५ मिलिमीटरची, म्हणजे चौकटीचा चौथा भाग. डोळ्याला वाटतं की नाणं चौकटीच्या निम्मंच आहे, निम्म्या वेळा तरी बसेल. प्रत्यक्षात चारात एकदा. चौकट ३५ मिलिमीटरची असेल तर शक्यता जेमतेम ८ टक्क्यांवर येते, आणि रेषा जाड असतील तर त्याहून कमी. खेळण्याआधी नाणं चौकटीवर ठेवून बघता आलं तर बघा, भोवती किती जागा उरते ते. भोवती प्रत्येक बाजूला नाण्याच्या त्रिज्येहून कमी जागा उरत असेल तर पुढे निघा.

ताटलीत नाणं टाकायचा प्रकारही याच कुळातला. तिथे अडचण घसरण्याची. नाणं कमी उंचीवरून, हळू, सपाट पडेल असं सोडायचं.

बरणीतल्या गोट्या मोजणं

हा माझा सगळ्यात आवडता खेळ. काचेच्या बरणीत गोट्या भरलेल्या असतात, आकडा चिठ्ठीवर लिहायचा, सगळ्यात जवळचा जिंकतो. इथे घाई नाही, गर्दीची धक्काबुक्की नाही, आणि डोकं चालवणाऱ्याला खरोखर फायदा होतो.

सारख्या गोल वस्तू बरणीत नुसत्या ओतल्या की त्या सुमारे ६४ टक्के जागा व्यापतात, उरलेली पोकळी. कितीही नीट रचल्या तरी ७४ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. आता बरणी तीन लिटरची, म्हणजे ३००० घनसेंटिमीटर आहे असं धरा. गोट्यांसाठी त्यातली १९२० घनसेंटिमीटर जागा. दोन सेंटिमीटर व्यासाच्या गोटीचं घनफळ सुमारे ४.१९ घनसेंटिमीटर. भागाकार आला ४५८. बरणीच्या भिंतीलगत पोकळी जरा जास्त राहते, म्हणून थोडं कमी करा आणि ४४० च्या आसपासचा आकडा लिहा. गोल आकडा टाळा. ४५० लिहिणारे बरेच असतात, ४४३ लिहिणारे कमी, आणि बरोबरीत बक्षीस वाटून घ्यावं लागत नाही. बरणीचं माप कळत नसेल तर तळाच्या थरात गोट्या किती दिसतात आणि थर किती आहेत ते मोजून अंदाज बांधा.

घरचे चार-पाच जण सोबत असतील तर आणखी एक युक्ती आहे. १९०६ साली इंग्लंडमधल्या प्लिमथ इथल्या जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाचं, कापून साफ केल्यावर भरणारं वजन ओळखण्याची स्पर्धा झाली होती. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्या चिठ्ठ्या मिळवल्या आणि १९०७ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात त्यांचा हिशोब छापला. वाचता येण्याजोग्या ७८७ चिठ्ठ्या ओळीने लावल्यावर बरोबर मधला अंदाज निघाला १२०७ पौंड. खरं वजन त्याने दिलं होतं ११९८ पौंड. फरक एक टक्क्याहूनही कमी. म्हणून सगळ्यांनी आपापला अंदाज एकमेकांना न सांगता, वेगवेगळा लिहायचा. मग ओळीने लावून मधला आकडा उचलायचा. आधी कुणी मोठ्याने आकडा बोललं की बाकीचे नकळत त्याच्याजवळ सरकतात आणि युक्ती वाया जाते. पाच जणांत ७८७ जणांची ताकद नसते, तरी एकट्याच्या अंदाजाहून हे बहुतेक वेळा बरं.

शर्यत, हातोडा, शिडी आणि बाकीचे

पाण्याच्या बंदुकीने लक्ष्यावर धार मारून आपला घोडा किंवा फुगा पुढे न्यायचा, त्या शर्यतीत दर वेळी कुणीतरी जिंकतंच. दोघेच बसले असतील तर संधी निम्मी, दहा जण असतील तर दहात एक. कमी गर्दीच्या वेळी बसा. काही ठिकाणी खेळाडू जास्त असले की बक्षीसही मोठं असतं, ते विचारा. घंटा वाजायच्या आधीच नेम लावून ठेवा, दोन्ही हातांनी बंदूक घट्ट धरा आणि मधे इतरांकडे बघू नका. पहिले दोन सेकंद ज्याचे फुकट जात नाहीत, तो सहसा जिंकतो.

हातोडा मारून घंटा वाजवण्याच्या खेळात खाली एक तरफ असते, सी-सॉसारखी. आपण एका टोकावर मारतो, दुसरं टोक लोखंडी ठोकळा वर उडवतं. म्हणून हातोड्याचं तोंड गादीच्या मध्यावर सपाट बसणं महत्त्वाचं. कडेला किंवा तिरकं बसलं की जोर वाया. पाय खांद्याएवढे फाकवा, एक हात दांड्याच्या टोकाशी ठेवा, दुसरा हातोड्याच्या डोक्याजवळ. खाली आणताना वरचा हात घसरत खालच्या हातापाशी येऊ द्या, गुडघे थोडे वाकवा, नजर घंटेवर नको, गादीवर ठेवा. दणकट शरीराचे लोक इथे हरताना आणि सडपातळ मुली घंटा वाजवताना मी पाहिल्या आहेत.

दोरीची शिडी दोन्ही टोकांना एकाच फिरत्या कडीवर बांधलेली असते, त्यामुळे जराशा कलानेही ती उलटते. मधल्या दांड्यांवर पाय देऊन कुणी पोचत नाही. हात-पाय दोन्ही बाजूंच्या दोरांवर ठेवा, उजवा हात आणि डावा पाय एकदम, मग डावा हात आणि उजवा पाय. पोट खाली, हालचाल हळू. खिशातला फोन आणि चाव्या आधी सोबत्याकडे द्या. एका डावात जमत नाही, पण जो शिकतो त्याला कायमचं जमतं. सरावाला खरं फळ देणारा याच्यासारखा दुसरा खेळ मला माहीत नाही.

बास्केटबॉल चांगला खेळणारेही इथे चुकतात. नेहमीचं कडं ३.०५ मीटर उंचीवर आणि सुमारे ४५.७ सेंटिमीटर व्यासाचं असतं. इथे ते अनेकदा लहान, लंबगोल किंवा उंच असतं आणि चेंडू जास्त हवा भरून कडक केलेला असतो. मागच्या फळ्यावर आपटून टाकू नका. उंच कमान करून, उलटी फिरकी देत, थेट कड्यात.

फिरत्या चक्रात २४ घरं आणि तुमचं एकावर चिन्ह असेल, तर शक्यता चोविसात एक. मघाशी कोणता आकडा आला होता याचा पुढच्या फेरीशी संबंध नसतो. पंजाने खेळणी उचलणाऱ्या यंत्रात पंजाची पकड यंत्रमालकाला कमी-जास्त करता येते, तेव्हा नेम अचूक असूनही खेळणं निसटलं तर तुमचा दोष समजू नका.

जिथे थांबायचंच नाही

वाट्यांखाली गोळी लपवून "सांगा कुठे आहे" विचारणारा, किंवा तीन पत्ते फिरवणारा, हा खेळ मांडून बसलेला नसतो. गोळी बोटांत असते आणि आजूबाजूला जिंकणारे बरेचदा त्याचेच असतात. बघायलाही थांबू नका.

आणखी एक सापळा दिसायला निरागस आहे. आठ गोट्या भोकांच्या पाटावर टाकायच्या, भोकांवर १ ते ६ आकडे, त्यांची बेरीज करायची आणि तक्त्यात बघून गुण मिळवायचे. बेरीज ८ ते ४८ येऊ शकते, पण बहुतेक वेळा ती २८ च्या आसपास घुटमळते, आणि तक्त्यात मोठे गुण मात्र टोकाच्या बेरजांना ठेवलेले असतात. प्रत्येक आकडा सारखाच शक्य धरला तरी आठही सहा पडण्याची शक्यता १६ लाख ७९ हजार ६१६ मध्ये एक. सुरुवातीला बेरीज झरझर करून तुम्हाला चुकीचे गुण बहाल केले जातात, विजय जवळ आल्यासारखं वाटतं आणि मग दर डावाला रक्कम दुप्पट करायला सांगतात. साधी खूण लक्षात ठेवा: डावाचे पैसे वाढत जाणार असतील तर तिथून निघा, आत्तापर्यंत गेलेले सोडून.

मुलं सोबत असतील तर

लहान मुलांना आधी तिथे न्या जिथे प्रत्येकाला काही ना काही मिळतंच, पाण्यातली बदकं उचलण्यासारख्या खेळात. किती डाव ते घरीच सांगून ठेवा आणि त्यांचे पैसे त्यांच्याच हातात द्या. स्वतः मोजून दिलेल्या पैशांची सहा-सात वर्षांची मुलं आपल्याहून जास्त काळजी घेतात. चेंडू मुलाच्या हातून हिसकावून "दे, मी पाडून देतो" असं करू नका. ते खेळणं त्याला मिळतं, पण डाव तुमचा होतो. रेषा मोठ्यांसाठी आखलेली असते, मुलांना पुढे उभं राहू द्याल का असं विचारलं तर बरेच स्टॉलवाले हो म्हणतात.

बाण टाकणाऱ्याच्या आणि हातोडा उचलणाऱ्याच्या मागे-बाजूला मुलांना उभं करू नका. बंदुकीची नळी कायम लक्ष्याकडे, भरलेली असो वा नसो. चेंडू फेकण्याआधी खांदा चार-पाच वेळा गोल फिरवा, थंड खांद्याने जोर लावला तर दुसऱ्या दिवशी हात वर होत नाही.

बक्षीस हातात आल्यावर तिथेच तपासा. डोळे-बटणं ओढून निघत नाहीत ना, शिवण उसवलेली नाही ना. बाळ घरात असेल तर हे नक्की बघा. बक्षीस म्हणून जिवंत मासा देत असतील आणि घरी गाळणीची टाकी तयार नसेल, तर दुसरं काही मागा. पिशवीत किंवा छोट्या वाडग्यात त्याला पुरेसा प्राणवायू मिळत नाही आणि पाणी त्याच्याच विष्ठेने लवकर विषारी होतं.

वेगळ्या खिशातले शेवटच्या एका डावाचे पैसे राखून ठेवा. निघताना, सगळे स्टॉल पाहून झाल्यावर, ज्या खेळात हात बसू लागला होता तिथे परत जा. तोवर तुम्हाला तिथल्या बाटल्यांची मांडणी, चेंडूचं वजन, उभं राहायची जागा सगळं माहीत झालेलं असतं. तो डाव सावकाश खेळा.